डावीकडचा सूर्य

मागितले होते दोन मिलिमीटर.
सूर्य बसला पावणेतीन,
चंद्र सव्वा,
मधली पानं तेवढी बरोबर.

गिरासे वहिनींचा चौरंग. साग. कानबाईसाठी.
श्रावण लांब आहे, पण त्यांचा फोन रोज:
"चंद्र झाला का, भो?"
झाला, वहिनी.
मांजरानं नख मारल्यासारखा झाला.

दोंडाईचा, दुपारचे दोन,
पत्र्याखाली उन्हाचा एक वेगळाच आवाज असतो.
मी कोलेट उघडलं.
आत सागाचा चीक, काळा, जळका.
पेट्रोलनं धुतलं, बिट बसवलं,
दांड्यावर मार्करनं रेघ मारली:
सरकलास तर इथे दिसशील.
रेघ जागची हलली नाही.
सूर्य पुन्हा खोल.

मग झेडवर संशय.
ग्रब स्क्रू आवळले, शंभर वेळा वर-खाली नेलं,
टोकाखाली लाईट बिलाचा कागद,
शंभराव्या वेळीही तितकाच अडकला
जितका पहिल्या वेळी.
मोटर इमानदार निघाली.
मला थोडं वाईटच वाटलं.

मग मालगाडीवर.
खरंच. रुळ तीनशे पावलांवर आहेत.
डायल लावून बसून राहिलो.
कोळसा भुसावळकडे गेला,
काटा शहारला आणि शून्यावर परत आला,
कुत्रं झोपेत कान हलवतं तसा.

शेवटी फळी उलटी फिरवली,
सूर्याची बाजू उजवीकडे.
एक रेघ कोरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
डावीकडे खोल, उजवीकडे उथळ.
म्हणजे फळीचा दोष नाही,
बिटाचा नाही, झेडचा नाही, रेल्वेचा तर नाहीच.
ती ज्याच्यावर निजली होती
त्या पाटाचा.

डायलचं टोक पाटावरून चालवलं.
मधोमध शून्य.
डावीकडे काटा चढत गेला, चढत गेला,
आणि मी मान वर केली तर
समोर कूलर.

आखाजीनंतर दोधू मिस्तरींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
ते डाव्या अंगाला बसतात, पॉलिशपेपर घेऊन,
बिट जिथे पोचत नाही ते कोपरे त्यांचे.
त्यांच्या डोळ्याला झळ नको म्हणून
मीच कूलर तिकडे वळवला होता.
तीन आठवडे तो ओला श्वास
त्यांच्या पाठीवरून पाटावर पडत राहिला
आणि पाट पीत राहिला.

हा पाट आणला त्या दिवशी मिस्तरींनी
त्यावर टिचकी मारून म्हटलं होतं,
"हाई लाकूड नई शे. भुसानी भाकर शे."
मी हसलो होतो.
भाकर फुगली, मिस्तरी.

त्यांना काही बोललो नाही.
कूलरची मोटर तापते म्हणालो, दारापाशी नेतो.
ते काही विचारले नाहीत,
त्यांनी पॉलिशपेपर खिशात घातला
आणि स्टूल उचलून कूलरच्या आधीच दारापाशी गेले.

पाट गच्चीवर टाकला, दोन दिवस.
चव्वेचाळीस अंशांचा
पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.
तरी सगळं उतरलं नाही.
भुसा एकदा फुगला की
आपलं जुनं माप विसरतो.
मग रुंद बिट लावून
अख्खा पाट छिलला,
अर्धा मिलिमीटर, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा,
उजवीकडे बिट आधी नुसतं हवेत फिरत होतं,
तिसऱ्या फेरीत तिथेही भुसा उडाला.
तो आवाज बदलतो ना,
त्यासाठी मी पंखा बंद करून उभा होतो.

नवी फळी. नवा झीरो.
सूर्य दोन.
पानं दोन.
चंद्र एक पूर्णांक नऊ, आणि एवढं
कानबाई चालवून घेईल.

जुनी फळी जाळायला दिली नाही.
मिस्तरींनी दाराशी मांडून घेतली आहे.
थेंब घालायची वेळ झाली की
ते काळा चष्मा काढतात
आणि न बघता ठेवतात,
एक काच बरोबर
त्या खोल सूर्यात.